तीन चुलींचा फाल्गुन

फाल्गुन लागला की भवानी पेठेतल्या गल्ल्या अरुंद होतात. खेड्यांकडून तुरकाट्यांच्या गाड्या यायला लागतात. काट्या इतक्या रुंद रचलेल्या असतात की गाडी दोन्ही बाजूंच्या भिंती खरडत पुढं जाते, आणि तो आवाज ऐकून घराघरातली बाई हातातलं काम टाकून दारात येते. आज सकाळी तशीच एक गाडी आमच्या दारावरून गेली. मला घ्यायचं काही नव्हतं. तरी ओले हात पदराला पुसत मी बाहेर आले, गाडी पुढं गेल्यावर खाली पडलेली एक काटकी उचलली आणि नाकाशी धरली. वाळल्या तुरीला गोडसर, मातकट वास असतो, उन्हात तापलेल्या खळ्यासारखा. तो वास आला आणि मी माझ्या सतराव्या वर्षात जाऊन उभी राहिले.

वळसंगला, माझ्या माहेरी, सरपण कुणी जपून वापरल्याचं मला आठवत नाही. तूर निघाली की तुरकाट्या, ज्वारी निघाली की शेतातली धसकटं, आणि बारा महिने गोठ्यातलं शेण. आई चुलीत काट्यांची कवळच्या कवळ सारायची. त्या तडतडत पेटायच्या, भिंतीवर उजेड नाचायचा आणि भाकरी पापडासारखी फुगायची. चुलीतला विस्तव आमच्याकडं कधी विझत नसे. राखेखाली निखारा झाकून ठेवायचा, सकाळी राख बाजूला केली की तो लाल डोळा उघडून बघायचा. शेजारपाजारच्या बायका खापराच्या तुकड्यात विस्तव मागायला यायच्या. आईनं कुणाला नाही म्हटलं नाही. दिव्यालासुद्धा घरच्या करडईचं तेल. मला वाटायचं, जगात सगळीकडं असंच असतं. जाळायला जे लागतं ते माणसाच्या अंगणातच पडलेलं असतं.

लग्न होऊन मी सोलापुरात आले आणि तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातून दोन गोवऱ्या काढून घेतल्या.

"गोदे, तुज्या म्हायेरची चूल न्हवं ही," त्या म्हणाल्या. "सकाळी चार, सांजच्याला तीन. त्यात भाजी, भाकरी, अंगुळीचं पानी, समदं बसवायचं."

त्यांना मी आत्याबाई म्हणते. मामंजी जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. माझे मालक गिरणीत कताई खात्यात होते. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. घरात दिवसभर आम्ही दोघी आणि आमच्या मध्ये ती चूल. आत्याबाई वाईट नव्हत्या. त्या चुलीपाशी बसल्या की एका गोवरीतून जे काढायच्या ते मला चारांतून निघत नसे. भाजी उतरली की तव्याखाली जाळ, तवा उतरला की त्याच निखाऱ्यावर पाण्याचं भांडं, आणि शेवटी राखेत दोन वांगी. काही वाया जाऊ द्यायचं नाही. मी मात्र फुंकत बसायची. फुंकणी हातात, डोळे लाल, आणि चूल माझ्यावर रुसलेली.

आमच्या आवारात तीन घरं होती. मधे अंगण, एका कोपऱ्यात आड, दुसऱ्या कोपऱ्यात आमची गोवऱ्यांची हुडवी. गोवऱ्या गोल रचून, वरून शेणानं लिंपून केलेला तो ढीग लांबून एखाद्या छोट्या देवळासारखा दिसायचा. आमच्या उजव्या हाताला काशीबाई राहायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत फायरमन, आणि माहेर होटगीचं. होटगीला रुळांच्या कडेनं इंजिनातली राख टाकतात, त्या राखेतून अर्धवट जळालेले कोळसे वेचून त्यांची आई पोत्यात भरून ठेवायची. महिन्याकाठी ते पोतं आमच्या आवारात यायचं. काशीबाईंच्या पत्र्याच्या शेगडीत तो कोळसा पेटायला अर्धा तास घ्यायचा, पण एकदा पेटला की दुपारपर्यंत विझायचा नाही. त्यावर डाळ शिजत टाकून काशीबाई खुशाल गव्हातले खडे वेचत बसायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा.

डावीकडं नरसम्मा. ती आणि तिचा नवरा लक्ष्मय्या तेलुगू विणकर. घरात दोन माग, आणि ओसरीवर सूत रंगवायची चूल. चूल कसली, भट्टीच ती. तिच्यावर तांब्याचं एवढं मोठं पातेलं, त्यात उकळता रंग, आणि काठीवर टांगलेल्या सुताच्या लडी वर-खाली करत उभी असलेली नरसम्मा. तिच्या चुलीत बाभळीची जाड लाकडं जळायची. ती तिनं ओसरीच्या छपराखाली नीट रचून ठेवलेली असायची, कारण रंगाची चूल मधेच मंदावली तर सूत डागाळतं. आमच्या आठवड्याच्या सरपणाएवढं ती एका सकाळी जाळायची. आत्याबाई ते बघून तोंडात बोट घालायच्या.

सकाळी अंगणात तीन धूर उठायचे. आमचा जड आणि निळसर, खाली खाली रेंगाळणारा. काशीबाईंचा काळपट, स्टेशनाचा वास असलेला. नरसम्माचा पांढरा, सरळ वर जाणारा, त्यात रंगाची आंबट वाफ मिसळलेली. डोळे मिटून अंगणात उभं राहिलं तरी कुठल्या घरात आज काय चाललंय ते मला कळायचं. एकाच आडाचं पाणी पिणारी तीन घरं, पण चुली पाहिल्या तर तीन वेगवेगळ्या गावांच्या. तरी आवारात आग मागायला कुणी कुणाकडं जात नसे. भांडण नव्हतं, तशी पद्धतच नव्हती. आत्याबाई नरसम्माशी आडावर गोड बोलायच्या, पण तिच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

त्या वर्षी माघ संपता संपता शेवंताबाई, माझ्या नणंदबाई, पहिल्या बाळंतपणाला घरी आल्या. मी त्यांना वन्सं म्हणायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. येताना पाय सुजलेले, चेहरा फिकट, पण हसणं तसंच खळखळतं. पहिल्याच दिवशी माझी फुंकणी हिसकावून घेत म्हणाल्या, "वैनी, आसं न्हाय. चुलीच्या तोंडात न्हाई, जरा कडंनं फुकायचं. आईनं मला बी लई रडवलंय ह्याच्यापायी." वन्सं आल्या आणि मला त्या घरात मैत्रीण मिळाली. दुपारी आम्ही दोघी शेणात भुसा कालवून गोवऱ्या थापायचो. त्या बसून थापायच्या, मी भिंतीला लावायची. त्यांच्या गोवरीवर पाच बोटं स्पष्ट उमटायची, माझ्या गोवरीवर कधी चार, कधी सहा. त्यावरून त्या इतक्या हसायच्या की आत्याबाई आतून ओरडायच्या, "आगं, दमानं! पोटात जीव हाय तुज्या!"

शिमग्याच्या दिवशी गल्लीतल्या होळीला प्रत्येक घरानं पाच गोवऱ्या द्यायच्या. घरात पुरणाची गडबड. मी घाईघाईनं हुडवीला बाजूनं भोक पाडलं, पाच गोवऱ्या काढल्या, देऊन टाकल्या. भोक पाडलं की लगेच ओल्या शेणानं बुजवायचं, हा आत्याबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. माझे हात पुरणानं माखलेले. म्हटलं, उद्या बुजवू. उद्या धुळवड, परवा धुणं. माझ्या मनातून ते भोक गेलंच.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं. फाल्गुनात सोलापुरात पाऊस म्हणजे कुणाच्या ध्यानीमनी नसतो. आधी वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, आणि मग गारा. बोराएवढ्या, काही आवळ्याएवढ्या. अंगण पांढरं झालं. आम्ही सगळ्या आपापल्या ओसरीवर उभ्या राहून ओरडत होतो, हसत होतो. वन्संनी एक गार उचलून माझ्या पाठीवर टाकली. मग गारा थांबल्या आणि पाऊस लागला. सरळ, जाड, थांबायचं नाव न घेणारा. दिवेलागणीपर्यंत तो पडला. मी दारात उभी राहून हुडवीकडं पाहिलं, आणि मला ते भोक दिसलं. पावसाकडच्याच अंगाला होतं. पाणी त्यातून आत चाललं होतं. मी दार लोटून आत गेले.

सकाळी उजाडता उजाडता वन्संना कळा सुरू झाल्या.

आत्याबाईंनी सुईणीला बोलावणं पाठवलं. ती आली, तिनं बघितलं, म्हणाली, "येळ हाय अजून. पर कंबर धरलीया पोरीची. भरपूर गरम पानी ठिवा. शेकाय लागंल, मग बाळालाबी लागंल. हवा लई गार पडलीया."

मालक गिरणीत गेलेले. घरात शिजवायला दोनच गोवऱ्या कोरड्या होत्या. मी हुडवीकडं धावले. भोकातून हात घातला, तर आतलं सगळं लगदा झालेलं. खालच्या थरातून चार-पाच जरा बऱ्या गोवऱ्या काढल्या आणि चुलीत घातल्या. त्या पेटेनात. धूर झाला, इतका की आतल्या खोलीत वन्सं खोकायला लागल्या. आत्याबाई दारावर लाकडं विकणाऱ्या मोळीवालीच्या वाटेकडं बघून आल्या; ती त्या दिवशी फिरकलीच नाही. पेठेतल्या वखारीतलं लाकूडही रात्रभर भिजत पडलेलं. काशीबाई म्हणाल्या, "माजा कोळसा घ्या की. पर पेटवाय कोरडं कायतरी पायजे, आन् त्याला येळ लागंल."

आतून वन्संचा आवाज आला. हसणाऱ्या वन्संचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी फुंकणी टाकली आणि चुलीपुढंच रडायला लागले. सतरा वर्षांची मी. मला वाटत होतं की माझ्या एका आळसापायी आता या घरात काहीतरी भयंकर होणार.

डोक्यावर कुणीतरी हात ठेवला. नरसम्मा होती. धूर बघून ती आली होती. तिनं आमच्या चुलीत डोकावलं, आतल्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं, आणि मला म्हणाली, "वेडी नीळ्ळू कावाला?"

मला वाटलं ती मला वेडी म्हणतेय, आणि त्या क्षणी ते खरंही वाटलं. तिच्या लक्षात आलं. तिनं आमच्या घागरीकडं बोट केलं, मग दोन्ही हातांनी वाफ निघाल्याची खूण केली. "नीळ्ळू, पाणी. वेडी म्हंजे गरम. माझा चूल पेटला हाय. हंडा आण. रा, रा!"

मी तिच्या ओसरीकडं पाहिलं. चूल धगधगत होती. पण त्यावर रंगाचं पातेलं होतं आणि त्यात लाल सूत. मी म्हटलं, "अक्का, तुमचं सूत?"

तिनं लक्ष्मय्याला हाक मारली, तेलुगूत काहीतरी भराभर बोलली. तो मागावरून उठून आला. त्यानं एकदा सुताकडं पाहिलं. अर्धवट रंगलेलं सूत बाहेर काढायचं म्हणजे काय, ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग दोघांनी मिळून लडी वर उचलल्या, काठी ओसरीच्या खुंट्यांवर टेकवली, आणि फडक्यांनी धरून ते जड पातेलं खाली उतरवलं. लाल पाणी हिंदकळून त्याच्या पायावर पडलं, पण त्यानं पातेलं सोडलं नाही.

मी आमचा तांब्याचा हंडा उचलला. तेवढ्यात दारात आत्याबाई. त्या हंड्याकडं, माझ्याकडं आणि नरसम्माच्या चुलीकडं बघत होत्या. मला वाटलं, आता त्या मला परत फिरवणार. त्या पुढं आल्या, हंड्याचा दुसरा काठ धरला आणि म्हणाल्या, "एकटीला उचलंल व्हय तुला? चल."

बाभळीच्या त्या जाळावर हंडा बघता बघता खळखळायला लागला. आम्ही दोघी तांब्या-तांब्यानं पाणी आत नेत होतो, आणि काशीबाई आडातून ओढून हंड्यात भर घालत होत्या. नरसम्मा लाकडं सारत होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. सुईण आतून म्हणायची, "आन की!" आणि पाणी जायचं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा वन्सं मोकळ्या झाल्या.

पण बाळ रडलं नाही. सुईणीच्या हातात ते निळसर, गार, मिटलेलं. तिनं त्याला कोमट पाण्याच्या परातीत धरलं, पाठीवर हात चोळत राहिली, पुन्हा गरम पाणी मागितलं, पुन्हा चोळलं. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उंबऱ्यावर खिळले होते, आणि माझ्या मागं नरसम्मा. आणि मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. मग मोठा. मग इतका मोठा की अंगणातून काशीबाई ओरडल्या, "व्हय, आला! आवाज आला!"

मुलगी होती. वन्संनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल तर, "वैनी, तू का गं रडतीस?"

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची होती. काशीबाईंनी कोळसा पुढं केला, तर आत्याबाई म्हणाल्या, "बंद खोलीत दगडी कोळसा नगं गं, डोकं धरतंय त्यानं." म्हणून शेगडीत नरसम्माच्या चुलीतले बाभळीचे निखारे, आणि बाहेर अंगणात काशीबाईंच्या कोळशावर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी. आमची चूल तशी थंडच होती, पण पाच-सहा दिवस आमच्या घरात एकदाही काही कमी पडलं नाही. भाकऱ्या काशीबाईंच्या तव्यावर, डिंकाचे लाडू नरसम्माच्या ओसरीवर. आत्याबाई तिच्या पायरीवर बसून लाडू वळायच्या, ती शेजारी बसून खोबरं किसायची. दोघींचं बोलणं मी ऐकायची. निम्मं मराठी, निम्मं तेलुगू आणि उरलेलं हातवारे. तरी तासन् तास चालायचं.

अर्धवट रंगलेलं सूत लक्ष्मय्यानं पुन्हा रंगवलं. लाल काही एकसारखा बसेना, म्हणून त्यानं तो गडद, जवळजवळ डाळिंबाच्या सालीसारखा केला. मी माफी मागायला गेले तर तो हसून म्हणाला, "चांगला झाला. हा रंग मी पैले कधी केला नव्हता."

पाचवीची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. आत्याबाईंनी हुडवी फोडायला घेतली. भिजलेल्या गोवऱ्या पसरून वाळवायच्या, फारच लगदा झालेल्या पुन्हा भुशात कालवून थापायच्या. मी त्यांच्यासमोर बसले. बराच वेळ हात चालू राहिले. मग मला राहवेना.

"आत्याबाई, ते भोक मीच बुजवलं न्हवतं. शिमग्यादिवशी."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"तुमाला ठावं हुतं?"

"दुसऱ्याच दिवशी बगितलं मी. म्हनलं, सांगू न्हाई. बगू हिच्या ध्यानात येतंय का. येईना, तवा बोलू चांगलं." हातातली ओली गोवरी त्यांनी उन्हात ठेवली, ती सरळ केली. "तुला धडा शिकवाय गेले, आन् लेक माजीच हुती आत. शेण हातात घ्याया मला किती येळ लागला असता? तुजी चूक झाली, ती इसरल्याची. माजी तर बगून गप ऱ्हाल्याची. आता ते काढू नगंस."

आम्ही पुन्हा गोवऱ्या पसरायला लागलो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सकाळी पाच घे. चारात तुला जमत न्हाय, ते दिसतंय मला." मी खाली मान घालून हसले, आणि मला वाटतं त्याही हसल्या.

बाळाचं नाव सुभद्रा ठेवलं. पण तिच्यासाठी रंगाचं पातेलं उतरलं, म्हणून आवारात तिला सगळे रंगू म्हणायला लागले, आणि तेच टिकलं. बारशाला वळसंगहून आबा, माझे वडील, तुरकाट्यांची गाडी घेऊन आले. गाडी गल्लीत अडकली, बैल फुसफुसले, सगळी गल्ली गोळा झाली. आत्याबाईंनी गाडी उतरवून घेतली आणि पहिली कवळ काशीबाईंच्या दारात, दुसरी नरसम्माच्या ओसरीवर नेऊन टाकली. मग आमची. आबा कपाळावरचा घाम पुसत मला हळूच म्हणाले, "पोरी, तुजं बरं चाललंय की हितं."

त्यानंतर आमच्या आवारातली पद्धत बदलली, ती कुणी न ठरवता. नरसम्माचं रंगवणं संपलं की तिच्या चुलीत तासभर तरी धग असायची. तिन्ही घरांचं अंघोळीचं पाणी त्यावर तापायला लागलं. डाळ काशीबाईंच्या शेगडीवर, कारण ती संथ. भाकरी आमच्याकडं, कारण गोवरीच्या निखाऱ्यावरची भाकरी दोघींना आवडायची. कुणाचं सरपण किती वाचलं ते कुणी मोजलं नाही. मला एवढंच आठवतं की दुपारचा एक तास माझ्या हाताशी मोकळा यायला लागला, आणि त्या तासात मी नरसम्माकडून वातीएवढं बारीक सूत पिळायला शिकले.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. रंगू वन्संच्या गावी परकर नेसून शाळेत जाते. आवार तेच आहे, आड तोच, पण धूर बदलले. रंगवलेलं सूत आता बाजारात तयार मिळतं. नरसम्माच्या ओसरीवरचं पातेलं उलटं पडून आहे, त्यात कधीमधी कोंबडी अंडं घालते. दोन माणसांच्या भाताला लागतं तेवढंच लाकूड तिच्या घरी जळतं. काशीबाईंच्याकडं गेल्या पावसाळ्यात विजेचा दिवा आला. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसून त्या काचेच्या गोळ्याकडं बघत होतो, आणि काशीबाई बटण खाली-वर करून दाखवत होत्या. आमच्या घरात कंदिलाच्या काचा मी अजून राखेनं घासते. आणि ज्या घरात सकाळी चार गोवऱ्या पुरायच्या, तेच घर आता आवारात सगळ्यांत जास्त जाळतं. चार लेकरं, त्यांच्या अंघोळी, मालकांबरोबर गिरणीतून येणारी माणसं, आणि दिवसातून दोनदा चहा. आत्याबाई आधी चहाला नाक मुरडायच्या. आता सकाळचा चहा जरा उशिरा झाला तर त्या दारात येऊन खाकरतात.

दिवाळीला मालकांनी पितळेचा स्टोव्ह आणला. आत्याबाईंनी तो स्वयंपाकघरात ठेवू दिला नाही. "कसा वराडतोय बग," म्हणायच्या. "आन् त्या घासलेटाचा वास भाजीला लागंल." मी चहापुरता तो ओसरीवर पेटवायची. त्या पाठ करून बसायच्या.

गेल्या आठवड्यात आबांना बरं नव्हतं, म्हणून मी तीन दिवस वळसंगला जाऊन आले. आबा ठीक झाले, त्यांनीच मला परत पाठवलं. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. दाराबाहेरूनच स्टोव्हचा आवाज ऐकू आला. मालक गिरणीत, पोरं शाळेत. मला कळेना कोण पेटवून बसलंय. आत गेले, तर स्वयंपाकघरात मधोमध स्टोव्ह, त्यावर पिठलं रटरटतंय, आणि पंप मारायला बसलेली नरसम्मा. बाजूला चूल पेटलेली, तिच्यावर तवा, आणि आत्याबाई भाकरी थापत होत्या. दोघींचं काहीतरी जोरात हसणं चाललं होतं. मला बघून दोघी एकदम गप्प झाल्या, चोरी पकडल्यासारख्या.

"ह्यांनीच शिकवलं मला," आत्याबाई नरसम्माकडं बोट करून म्हणाल्या. नरसम्मानं मान हलवली. "मी नाय. ती शिकला आपण आपण."

मी पिशवी ठेवून पदर खोचायला लागले. आमच्यात बायकांनी सगळ्यांत शेवटी बसायचं, चूल निवल्यावर, टोपल्यातली भाकरी घेऊन. लग्न झाल्यापासून मी तशीच जेवत आलेय, आत्याबाईही तशाच जेवत आल्यात, आणि त्यात मला कधी काही वाटलं नाही. एका चुलीवर एका वेळी एकच काम होतं. भाकरी करणारीनं खायचं कधी?

"कुटं निगालीस?" आत्याबाईंनी विचारलं. "हात-पाय धू आन् बस."

"तुमी बसा, मी करते भाकरी."

"आगं, दोन जाळ हायत. पिटलं तिकडं, भाकरी हिकडं. तू काय करनार हैस मदी येऊन?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलथली, ती टम्म फुगली. "बस म्हनलं न्हवं."

मी पाटावर बसले. नरसम्मानं ताटात पिठलं वाढलं. आत्याबाईंनी तव्यावरून भाकरी उचलली, बोटं भाजली म्हणून तोंडानं फू फू केलं, आणि ती माझ्या ताटात टाकली. वाफ माझ्या तोंडावर आली. मी पहिला घास मोडला.

"कशी झालीया?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान हलवली. त्यांनी पिठाचा दुसरा गोळा हातात घेतला आणि थापायला लागल्या.